धनाजीरावांचा निरोप

अहल्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"गोविंद काय म्हणाला?" आईने खाटेवरून विचारलं. अहल्याचा भाऊ गोविंद मोंबासाहून दर गुरुवारी सहाला बिनतारी संदेश पाठवत असे.

"आज त्याचं काही लागलं नाही."

लागले होते ते धनाजीराव. तारखात्यातून निवृत्त झालेले, रावपुऱ्यातल्या या घराच्या भिंतीला भिंत लावून राहणारे. त्यांची रेडिओलहर चाळीस मीटरची, गोविंदाची वीसची. पण एवढ्या जवळून त्यांच्या यंत्राचा जोर असा की अहल्याचा रिसीव्हर त्याखाली दबून जाई. तीन आठवडे ते एकच वाक्य पाठवत होते. मोर्सच्या खुणांत, कट्ट-कडकट्ट, सावकाश, तिला एकही अक्षर चुकू नये म्हणून. 'नवरा खाल्लेल्या बाईने चूल सांभाळावी.' आळीत ते वाचू शकणारं दुसरं कुणी नव्हतं.

शुक्रवारी ती त्यांच्याकडे गेली.

"काका, गुरुवारी अर्धा तास थांबाल?"

"मी माझ्या घरात बोटं हलवतो. त्रास होत असेल तर गच्चीवरचा तो एरियलचा खांब उतरव."

तिने पुठ्ठ्याच्या नळीवर तांब्याची तार गुंडाळली, तिला फिरता कंडेन्सर जोडला आणि ते वेटोळं एरियल आणि रिसीव्हरच्या मधे बसवलं. वीस मीटरचं तेवढं आत यावं, बाकीचं बाहेरच अडावं. पहिल्या दिवशी धनाजीराव तसेच ऐकू आले. तिने दोन वेढे सोडले, मग आणखी एक. बुधवारी संध्याकाळी ते हेडफोनमधून नाहीसे झाले.

गुरुवारी गोविंद आला. बारीक, पण स्वच्छ.

"पायाची सूज उतरली का, विचारतोय," अहल्या म्हणाली. आईने पांघरूण सारून पाय पुढे केले, जणू त्याला दिसणारच होते. अहल्याने उत्तर पाठवलं.

दहा मिनिटांत धनाजीराव दारात उभे होते.

"त्याला उत्तर दिलंस, ते ऐकलं मी. माझं का नाही घेतलंस?"

"तुमचं आता येत नाही, काका."

"खोटं बोलतेस."

"काय पाठवलं होतंत? आता सांगा."

आई हाताचा आधार घेत उठून बसली. "बसा ना, धनाजीराव. माझ्यासाठी काही निरोप होता का?"

धनाजीरावांनी म्हातारीकडे पाहिलं. मग चौकटीवर त्यांची बोटं वाजू लागली. अहल्याने सवयीने कान दिला. त्यात एकही अक्षर नव्हतं.