एकवीसचा आकडा

"सालं परत शेपूट हलवतंय!" ट्रेलरच्या पोटाखाली पालथा पडून डेल्मर करवादला. "घरून निघाल्यापासून कुत्र्यासारखं नुसतं शेपूट हलवतंय."

"तुला बघून आनंद होत असेल त्याला," आर्डिस म्हणाली.

डेल्मर हसला नाही. एरवी हसला असता.

वाटेतल्या कॅम्पावर आर्डिस घडीच्या खुर्चीत बसून कॉफी पीत होती. म्हणजे कप हातात धरून बसली होती. जुलैचं ऊन चढलं होतं, तरी तिच्या डोक्यावर लोकरीची टोपी होती. आयोवातून निघून त्यांचे दोन दिवस झाले होते. मोठ्या तळ्याचा उत्तरेकडचा काठ आता तीन तासांवर आला होता. तिथली चौदा नंबरची जागा अठरा उन्हाळे त्यांची होती. मोटरसायकलवर पुढे डेल्मर, मागे आर्डिस आणि तिच्या मागे हा इटुकला ट्रेलर. झाकण उघडलं की त्यातून तंबू उभा राहायचा, आत बिछाना, बाजूला शेगडी. एवढाच संसार. यंदा काही झालं तरी तिला तिथं पोचायचं होतं.

आणि डेल्मर म्हणत होता, परत फिरू.

"साठ मैलांच्या वेगावर गेलो की मागचं ढुंगण झुलायला लागतं," तो उठून गुडघे झाडत म्हणाला. "उलार झालाय ट्रेलर, भार सगळा मागे पडतोय. तुला घेऊन असल्या गाडीवर मी जाणार नाही."

त्यानं काय काय करून पाहिलं नव्हतं! चाकं नवी घातली. बेअरिंग बदललं. घेवड्याचे डबे मागून काढून पुढे रचले. बर्फाची पेटी पार पुढे, ट्रेलर मोटरसायकलला जोडणाऱ्या दांड्याजवळ आणली. रोज सकाळी तो न्हाणीघरातला गुलाबी वजनकाटा दांड्याखाली ठेवून बघायचा. चारशे पौंडांचा ट्रेलर, तर दांड्यावर चाळीस हवेत, हा त्याचा वेद. काटा रोज चाळीसच दाखवायचा.

शेजारच्या तंबूतला लायल गवंडी वापरतात तसली पाण्याच्या बुडबुड्याची लेव्हल घेऊन आला. हाही दरवर्षीचा सोबती. दोघांची मैत्री इतकी जुनी की सरळ बोलणं केव्हाच बंद झालेलं.

"बसा बघू दोघं गाडीवर. सामानासारखे बसा, राजाराणीसारखे नको."

डेल्मर बसला. त्याच्या खांद्याला धरून आर्डिस मागे चढली. दरवर्षी ती टेकली की गाडी हुश्श करून खाली बसायची आणि दांडा जमिनीला समांतर यायचा. लायलनं दांड्यावर लेव्हल ठेवली. तो वाकला. बराच वेळ वाकूनच राहिला.

"काय झालं? झोप लागली का?" डेल्मर ओरडला.

"दांड्याचं टोक बोटभर वर राहतंय." लायलनं लेव्हल खिशात घातली. आर्डिसकडे बघायचं त्यानं टाळलं. "गाडीचं मागचं अंग खाली बसत नाही. मागच्या स्प्रिंगचा ताण कमी कर, बटणावरचा आकडा उतरव थोडा."

"एकवीस. दोन माणसं आणि ट्रेलर, आकडा एकवीस. अठरा वर्षं एकवीसच आहे."

"अरे, पण..."

"त्या बटणाला हात लावायचा नाही! तुझी लेव्हलच बिघडलीय. तुझ्या बायकोसारखी तिरकी झालीय."

"सांगतो तिला," लायल म्हणाला आणि तिथंच उभा राहिला.

आर्डिस गाडीवरून उतरली. एप्रिलमध्ये डॉक्टर जे बोलले होते, ते दोघांनी दवाखान्याच्या पार्किंगमध्येच सोडून दिलं होतं. गावातही कुणी त्याचं नाव काढलं नाही. चर्चमधल्या बायकांनी फक्त बटाट्याच्या पदार्थांचे डबे भरून आणले. इतके आणले की फ्रीजचं दार लागेना. इथं कॅम्पावरही सगळ्या म्हणाल्या, काय छान बारीक झालीस गं! लायलच्या बायकोनं तर कसलं पथ्यपाणी करतेस म्हणून विचारलं आणि आपणच तोंडावर हात ठेवून आत पळाली.

"चल, आवरतो," डेल्मर म्हणाला. "रात्रीपर्यंत निम्मी वाट परत जाऊ."

आर्डिसनं दांड्याखालचा वजनकाटा ओढून काढला. फळीवर नीट ठेवला. मग ती कपडे काढायला लागली. आधी जड जाकीट, मग बूट. जाकीट काढल्यावर तिचे खांदे खुंट्यांसारखे वर आले.

"हे काय चाललंय तुझं?" डेल्मर म्हणाला.

ती काट्यावर उभी राहिली.

"वाच."

"चष्मा नाहीय माझा."

"नाकावर आहे."

लायल वळून आपल्या तंबूकडे चालता झाला. डेल्मर वाकला. आकडा त्याला दिसत होता, पण तो चष्मा काढून पुसायला लागला. म्हणून तिनंच खाली बघून वाचलं.

"एकशे तीन. गेल्या वर्षी एकशे पन्नास होते. हेच ते लायलचं बोटभर."

डेल्मरनं दांड्यावर हात ठेवला. ट्रेलर उधळून जाईल अशा भीतीनं धरावा तसा.

आर्डिस अनवाणीच गाडीपाशी गेली, त्याचा दुसरा हात धरून त्या बटणावर ठेवला आणि त्यावर आपला ठेवला. बटण दाबलं. आकडा वीस झाला, मग एकोणीस, अठरा. गाडी कण्हत कण्हत खाली बसली.

"ट्रेलरला काही झालेलं नाही, डेल्मर," ती म्हणाली. "मी चाललेय. आत्ता तळ्यापर्यंत एवढ्यावर जाऊ. पुढच्या उन्हाळ्यात एकट्यानं येशील, तेव्हा आकडा पार खाली आण."