उलटा पीळ

जमीन कचेरीत म्हाताऱ्या बार्टनचा पुतण्या हॉलिस साक्षीला उभा राहिला तेव्हा सिग्नेने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. आपली भीती म्हाताऱ्याला दिसायला नको होती.

"श्वास घे गं पोरी," शेजारी बसलेला टोरवाल्डकाका पुटपुटला. "कचेरीत हवा फुकट आहे."

म्हातारा बार्टन पुढच्या बाकावर पाय पसरून बसला होता. त्याच्या गुरांना हवा असलेला ओढा सिग्नेच्या वडिलांच्या जमिनीतून वाहत होता. सरकारी जमिनीवर पाच वर्षं सलग राहिलं की ती आपली होते. बाबा नोव्हेंबरात गेले, तेव्हा पाच महिने उरले होते. ते सिग्नेने एकटीने तिथे राहून पुरे करायचे होते.

"पोरगी हिवाळ्यात पळाली, साहेब," बार्टन अधिकाऱ्याला म्हणाला. "डकोटाच्या थंडीत चुलीशिवाय माणूस दोन रात्री काढत नाही. धूर नाही म्हणजे माणूस नाही. माझा पुतण्या रोज टेकडीवरून बघत होता. त्याच्या वहीत सगळं आहे."

सिग्नेला ते ठाऊक होतं. रोज सकाळी टेकडीच्या कडेला काळ्या घोड्यावर हॉलिस दिसे. तिच्या धुराड्यातून धूर निघाला की तो वळून जाई. दोन वर्षांपूर्वी, बार्टनने ओढ्याला काटेरी तार घातली नव्हती तेव्हा, शाळेच्या खोलीतल्या नाचात ती याच माणसाबरोबर लागोपाठ तीनदा नाचली होती. बाबांना पुरलं त्या दिवशी तो टोपी काढून कुंपणापाशी उभा होता. ती त्याच्याकडे चालत गेली होती. "या हद्दीत पाऊल टाकलंस तर गोळी घालीन," एवढंच बोलली होती. त्याने मान खाली घातली होती.

आणि मग फेब्रुवारीत तिला ताप भरला.

त्या दिवसांतलं तिला फारसं काही आठवत नव्हतं. बुटांचा आवाज आठवत होता, आणि दार उघडल्यावर आत आलेला वारा. शुद्धीवर आली तेव्हा घर उबदार होतं आणि बाबांची पेटी उघडी होती. बाबा गेल्यापासून ती पेटी तिने उघडली नव्हती. त्यांचा मेंढीच्या कातड्याचा कोट तिच्या अंगावर होता. आपणच तापात काढला असेल, असं तिला वाटलं. मग तिची नजर चुलीजवळच्या खोक्याकडे गेली.

माळावर झाड नव्हतं. सगळे जण वाळलेलं गवत घट्ट पिळून त्याचे पिळे जाळत. सिग्नेला पिळायला बाबांनी शिकवलं होतं. दोघंही उजव्या हाताने पिळत, त्यामुळे बाबांचा पिळा आणि तिचा पिळा अगदी सारखा वळे. खोक्यातले पिळे घट्ट होते, नीट रचलेले होते, आणि सगळेच्या सगळे उलटे वळले होते.

आपण बेशुद्ध असताना कोणीतरी एखादी रात्र चूल पेटवून घरात होतं. पेटी उचकत होतं. जमिनीचा कागद शोधत होतं. कागद गादीखाली होता म्हणून वाचला. तिने ते पिळे एकेक करून चुलीत घातले, दाराला अडसर लावला, आणि उरलेला हिवाळा बाबांची बंदूक उशाशी घेऊन काढला. आठवड्याने टोरवाल्डकाका बर्फातून आला. त्याने तारीख सांगितली, तेव्हा मागे मोजून तिला कळलं की ताप नऊ दिवस होता.

नऊ दिवस तिने चूल पेटवली नव्हती. आणि टेकडीवर वही घेऊन हॉलिस होता.

"फेब्रुवारी वाच," म्हातारा बार्टन म्हणाला. त्याच्या आवाजात घाई होती. पुतण्याने घराला धूर नसल्याचं त्याला कधीतरी सांगितलेलं असणार.

हॉलिसने वहीचं पान उलटलं. तो तिच्याकडे बघत नव्हता.

"चार फेब्रुवारी. सकाळी धूर होता."

"पुढे."

"पाच फेब्रुवारी. सकाळी धूर नव्हता."

बार्टनने मांडीवर थाप मारली. बाबांची पाच वर्षं, खणलेली विहीर, टेकाडाखालची ती एकटी कबर. सगळं त्या वहीत होतं.

"दुपारी धूर होता," हॉलिस म्हणाला.

पुन्हा थाप मारायला उचललेला बार्टनचा हात हवेतच राहिला. "काय?"

"सहा फेब्रुवारी. धूर होता. सात. धूर होता. आठ. धूर होता." त्याने चौदा तारखेपर्यंत वाचलं आणि वही मिटली. "एकही दिवस त्या घरात चूल पेटली नाही असं झालं नाही, साहेब. त्या घरात माणूस होतं. मी शपथेवर सांगतो."

हे खरं नव्हतं. निदान आपल्याला ठाऊक असलेलं खरं हे नव्हतं. सिग्ने त्याच्याकडे बघतच राहिली. हा माणूस खोटं कशासाठी बोलतोय? बदल्यात काय मागेल?

म्हातारा बार्टन उठला. "माझ्या घरात आजपासून तुला जागा नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "खोगीर घे आणि चालता हो. घोडा माझा आहे."

"ठाऊक आहे, काका."

अधिकाऱ्याने जबानीचा कागद पुढे सरकवला. "सही करा."

हॉलिसने टाक शाईत बुडवला आणि डाव्या हाताने सही केली.