रविवारचा शर्ट

"हॉस्टेल एक तारखेपासून बंद," प्राचार्य म्हणाले. "पण बाहेर जाऊन हे बोलायचं नाही. 'विचार चालू आहे' म्हणायचं. परीक्षा संपून पोरं घरी गेली, की कुलूप लावू."

मुलांची प्रतिनिधी, वकीलबाई, खुर्ची सोडून उभीच होती. खिडकीबाहेर दोनशे मुलं सकाळपासून उन्हात धरणं धरून बसलेली. आता एकेक जण उठायला लागला होता. कुणीतरी पत्र्याचा डबा बडवत होतं.

"आणि आईची काळजी नको." प्राचार्यांनी पेनाला टोपण लावलं. तिची आई हॉस्टेलच्या लाँड्रीत इस्त्री करायची. "त्यांना ग्रंथालयात लावून घेऊ. जरा सांभाळून सांग. तुला जमतं ते."

जमायचं खरंच. आईला ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं, आणि बाबा कायम ट्रकवर. त्यामुळे बँकेत, शाळेत, गळक्या नळावरून घरमालकाशी भांडायला, सगळीकडे पाच वर्षांची असल्यापासून ही चिमुरडी पुढे. लोकांचे शब्द हातांनी आईला सांगायचे, आईचे हात तोंडाने लोकांना. 'वकीलबाई' हे नाव घरमालकानेच ठेवलं, वैतागून. कॉलेजात प्रतिनिधी निवडायची वेळ आली तेव्हा तिच्यासमोर कुणी अर्जही भरला नाही. मुलांना वाटायचं, ही पोटातूनच पुढारी होऊन आली आहे.

ती नऊ वर्षांची असताना बाबांचा ट्रक उलटला. शुक्रवार होता. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "बरोबर मोठं कोणी नाही का?"

"मीच आहे."

डॉक्टर गुडघ्यांवर बसले, तिच्या उंचीएवढे झाले. "बाबा आता घरी यायचे नाहीत, बाळा. आईला सांग. जसंच्या तसं."

आई तिच्या हातांकडे बघत होती. हात म्हणाले, रविवारी घरी सोडणार आहेत.

घरी येऊन आईने बाबांचा पांढरा शर्ट काढला आणि इस्त्री केला. कॉलर तर दोनदा. शनिवारी त्याच शर्टात बाबांना निरोप दिला. दोघी मायलेकींनी त्यानंतर हा विषय कधी काढला नाही. गरम इस्त्रीचा वास आला की वकीलबाई अजूनही उठून बाहेर जायची.

ती पायऱ्यांवर आली. डबा थांबला. माइक स्टँडवर तयार होता. सगळ्यांत मागे, लाँड्रीच्या दारात, आई कमरेला फडकं खोचून उभी होती.

"सरांशी बोलणं झालं," ती म्हणाली. आई समोर असली की तिचे हात आपोआप बोलू लागायचे. आताही लागले. "सर म्हणाले, विचार चालू आहे..."

पुढच्या रांगेने सुस्कारा सोडला. एक मुलगी डोळे पुसत हसली. कुणीतरी ओरडलं, "बघा, म्हटलं नव्हतं? आपली वकीलबाई आहे!"

आईने हात वर केला. स्वतःचा डावा अंगठा मुठीत दाबून दाखवला.

वकीलबाईने खाली पाहिलं. तिचाही डावा अंगठा मुठीत होता. घट्ट.

दोनशे डोक्यांवरून आईचे हात सावकाश बोलले. त्या गर्दीत ते वाचता येणारी ती एकटीच होती.

'त्या दिवशीही असाच लपवला होतास. तो शर्ट मी रविवारसाठी इस्त्री केलाच नव्हता, वेडे.'

माइक नुसताच घरघरत राहिला. मुलं एकमेकांकडे बघू लागली. आत, खिडकीपाशी, प्राचार्य येऊन उभे राहिले.

तिने अंगठा मुठीबाहेर काढला.

"थांबा, चुकले मी," ती म्हणाली. "सर काय म्हणाले ते सांगते. जसंच्या तसं."