सरांचं लेक्चर

संग्राम सर गेल्यावर त्यांचा आवाज एकाच ठिकाणी उरला होता. विद्यापीठाच्या जुन्या इंट्रानेटवर त्यांचं एक लेक्चर पडून होतं. तिथल्याच ग्रंथालयात काम करणाऱ्या त्यांच्या पत्नी, कावेरीअक्का, बसवनगुडीतल्या रिकाम्या घरी परतण्याआधी रोज ते लावायच्या. शिकवता शिकवता सरांच्या हातातला खडू मोडायचा आणि ते खुदकन हसायचे. तेवढ्यावर अक्कांची रात्र निभायची.

सोमवारी विद्यापीठाचं नवं पोर्टल सुरू झालं. अक्कांनी जंग जंग पछाडलं, पण लेक्चर काही सापडेना. घाबऱ्याघुबऱ्या त्या आयटी विभागात गेल्या. पोर्टल उभारणारा उल्हास पुण्याचा होता, त्या कन्नड वातावरणात निदान त्याच्याशी मराठीत बोलता यायचं.

"उल्हास, आमच्या सरांचं लेक्चर स्वल्प, जरा शोधून दे की रे."

उल्हासने अक्कांनी चिठ्ठीवर लिहून आणलेलं फाइलचं नाव पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"ही होय, मॅडम! ग्रंथालयातल्या कॉम्प्युटरवर रोज संध्याकाळी हीच एक फाइल उघडायची. आम्हाला वाटलं व्हायरस आहे, म्हणून सगळ्यात आधी हीच पुसून टाकली. बॅकअपमधूनसुद्धा."