दगडांच्या ढिगापर्यंत

"आजी, मोबाईलच्या नकाशात इथे वाटच नाहीये!" माझी नात केतकी हेल्मेटमधून ओरडली.

"मोबाईल कधी डोक्यावर आंब्याची पाटी घेऊन घाट चढलाय? चल सरळ!" मी मागच्या सीटवरून तिची पाठ थोपटली.

माळरानावर उड्या मारणारी, पण नंबरप्लेटवाली ही मोटारसायकल तिने हौसेने घेतली होती. "डांबरावरच फिरवायची तर विकून टाक," माझ्या लेकाने बजावलं. येत्या रविवारी गिऱ्हाईकच बोलावलं. मी म्हटलं, आमची जुनी घाटवाट आहे की! सगळे हसले. त्या वाटेवर वाघाने मला पाटी उचलायला मदत केल्याचं मी जरा जास्तच वेळा सांगितलंय, त्यामुळे वाटही कुणाला खरी वाटेना.

करवंदीच्या जाळीत दोनदा अडकलो, ओढ्यात एकदा आडवे झालो.

"परत जाऊया का गं?"

"गाडी विकायचीये?" मी कासोटा घट्ट केला. "मग मार किक!"

चढ संपला आणि दगडांचा तो ढीग दिसला. घाट चढणारा प्रत्येकजण तिथे देवाला एक दगड वाहायचा. ढिगामागून आमची वाट थेट खिंडीत शिरत होती.

"हत्तीएवढा म्हणाली होतीस. हा तर शेळीएवढा आहे!"

"बाकीचे दगड वाघाने नेले."

केतकी खो खो हसली. उतरून तिने ढिगावर एक दगड ठेवला आणि बापाला फोन लावला.

"बाबा, गिऱ्हाईकाला नको म्हणून सांगा. वाट सापडली. आणि हो, वाघसुद्धा भेटला."