शेजारणीचा शब्द

"माणूस कसा आहे?" उंबऱ्यात उभ्या उभ्याच साहेबांनी विचारलं.

थोरलीचा पाय शिलाई मशीनवर थांबला. माणूस कसा आहे, म्हणे! समोरच्या त्या बंद दारामागे तिच्या धाकट्या बहिणीनं लग्न झाल्यापासून मार खाल्ला होता. भिंतीवर डोकं आपटल्याचा आवाज इथपर्यंत यायचा. आणि आता तोच नवरा सुरक्षारक्षक व्हायला निघाला होता. परवान्याशिवाय कुठलीही कंपनी गणवेश देत नाही आणि परवान्याआधी चारित्र्याची पडताळणी होते. परवाना कार्यालयाचे हे साहेब त्यासाठीच जिना चढून आले होते. चारित्र्य म्हणजे जणू पाण्याचा मीटर. दारात उभं राहायचं, आकडा टिपायचा आणि पुढच्या घरी जायचं.

"तुम्ही समोरच राहता म्हणून विचारतो," साहेब म्हणाले. तिचं त्याच्याशी नातं काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नाही.

एकदा कुणीतरी विचारू दे, याची लक्तरं वेशीवर टांगते, असं तिनं किती वेळा मनाशी घोकलं होतं. आता विचारणारा समोर उभा होता.

पण काल संध्याकाळी धाकटीचा नवरा नेहमीसारखा तिच्या पायरीवर येऊन बसला होता. धाकटी निघून गेल्यापासून रोज बसायचा. दिवसभर शहर पालथं घालायचा आणि संध्याकाळी इथं ठाण मांडायचा.

"ती कुठंय ते तुम्हाला माहीत आहे, ताई. मी शोधून काढणारच," तो म्हणाला होता. "बरं, उद्या साहेब येतील. दोन शब्द चांगले सांगा. शहराबाहेर सिमेंटचं गोदाम आहे, राहायला खोलीही तिथंच. काम मिळालं तर मी कशाला तुमच्या दारात बसतोय?"

हातातली कात्री त्याच्या अंगावर फेकावी, असं तिला वाटलं होतं. पण मग तिनं विचार केला. सिमेंटच्या गोण्या बडवल्या तरी त्यांचं काही बिघडत नाही. आणि शोधणाराच शहराबाहेर गेला, तर धाकटी सुटली.

धाकटी मुद्दामच पत्ता सांगत नव्हती. "तुला माहीत नसलेलंच बरं, ताई," ती फोनवर म्हणाली होती. "खोलीत आम्ही तिघी आहोत. खिडकीतून निळं गेट दिसतं, समोर औषधांचं दुकान. आता झोप लागते गं मला."

"चांगला आहे," थोरली साहेबांना म्हणाली.

"दारू?"

"थेंब नाही."

"भांडणतंटा?"

"आवाज चढत नाही त्याचा."

"बायको?"

"माहेरी गेलीय."

साहेबांनी पहिल्यांदाच हातातल्या कागदावरून मान वर केली. "बायकांशी वागणूक कशी आहे? हे बाईमाणसालाच विचारावं लागतं आम्हाला."

तिच्या अंगाची लाही लाही झाली. त्या माणसाचा राग येत होता, या साहेबांचाही आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

"डोळा वर करून बघत नाही कुणाकडे," ती म्हणाली.

"अशी माणसं मिळत नाहीत हो," म्हणत साहेब खूश होऊन जिना उतरले. तिनं मोरीत जाऊन खळाखळा चूळ भरली. मग मशीन इतकी जोरात हाणली की सुई मोडली.

दुसऱ्या दिवसापासून पायरी रिकामी राहिली. थोरलीला अन्न गोड लागू लागलं.

आठवड्याभरानं तो आला तो नवाकोरा गणवेश घेऊनच. शर्टाच्या बाहीवर कंपनीचा बिल्ला शिवायचा होता. तिनं शर्ट हातातून ओढूनच घेतला. लवकर शिवला की ब्याद टळेल.

"गोदामावर कधी निघताय?" तिनं मान खाली घालूनच विचारलं.

"गोदामावर दुसऱ्याला पाठवलं. तुमचा शब्द कामी आला, ताई. बायकांशी वागणूक उत्तम, असा शेरा दुसऱ्या कुणालाच मिळाला नाही म्हणे. मला नोकरदार बायकांच्या हॉस्टेलवर लावलंय. सगळ्या किल्ल्या माझ्याकडेच."

तिनं दोरा दातानं तोडला. "कुठं आहे हे हॉस्टेल?"

"मंडईमागं," शर्ट अंगात चढवत तो म्हणाला. "सापडायला अगदी सोपं. निळं गेट, समोर औषधांचं दुकान."