रेवतीचं पान

पालकसभेत तांबेबाईंनी कल्पनाच्या हातात चष्मा ठेवला. "रेवतीला पान जसं दिसतं, तसंच यातून तुम्हाला दिसेल. कालचा धडा वाचा."

कल्पनाने पुस्तक उघडलं. अक्षरं जागा सोडून सरकू लागली. एकाचा काना सुटून दुसऱ्याला चिकटला. तीन शब्दांतच तिचं डोकं गरगरलं. याच धड्यातला चुकलेला एक शब्द तिने काल रेवतीकडून पन्नासदा लिहून घेतला होता, "लक्षच नसतं तुझं" म्हणून ओरडत. पोरीने तो मुकाट्याने पन्नासदा लिहिला होता, आणि दर वेळी वेगळाच.

शेजारी उभ्या रेवतीने आईचं बोट धरून पहिल्या अक्षरावर टेकवलं.

"दाबून धर, आई," ती हळूच म्हणाली. "मग ते थोडा वेळ पळत नाही."